काठावरची ओळ

१

शाळेतून आले की हातपाय धुऊन मी पानासमोर बसायचे. पुस्तकाचं पान नव्हे. आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला एक मोठा पडदा लावलेला आहे आणि त्यावर दिवसभर एक वेबपान उघडं असतं. त्यात दादाच्या कंपनीच्या मशिनी दिसतात. मशिनी म्हणजे मोठे संगणक, ते असतात सातारा रस्त्यावरच्या एका थंडगार खोलीत. दूध डेअऱ्यांची, शाळांची कामं त्यांच्यावर चालतात. पण त्यांची तब्येत इथे वाईत, आमच्या भाड्याच्या घरात कळते. एका मशिनीची एक ओळ. ओळीत तापमान, भार आणि त्याची वर-खाली होणारी रेघ, किती जागा भरली ते, आणि शेवटच्या रकान्यात 'बघणारे', म्हणजे या घडीला बाहेरून किती जण त्या मशिनीची माहिती उघडून बघताहेत तो आकडा. घरातला पडदा त्यात धरत नाहीत. सगळं ठीक असलं की ओळ हिरवी. बिघडलं की लाल.

सूरजदादा रात्रपाळी करतो आणि दुपारी आतल्या खोलीत झोपतो. तेवढा वेळ ओळी राखायचं काम माझं. लाल झाली की त्याला उठवायचं.

"आण्णा मेंढरं राखत्यात, तू मशिनी राख," दादा म्हणायचा. "फरक येवढाच, ह्यास्नी लेंड्या न्हाईत."

आई आणि आण्णा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. यंदा माझी दहावी, म्हणून मला म्हसवडहून दादा-वहिनीकडे आणून ठेवलं होतं. दादानं मशिनींना आमच्या मेंढ्यांचीच नावं दिली होती. काळी, बांडी, मोरी, शिंगाळी. रकान्यांची इंग्रजी नावं त्यानं मुद्दाम माझ्यासाठी मराठीत करून दिली. मला ते फार आवडलं होतं. मला लोकांशी बोलायला जमत नाही. हजेरीला 'उपस्थित' म्हणताना माझा आवाज फुटत नाही, आणि मग सगळा वर्ग वळून बघतो. इथे कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. बघायचं काम माझं होतं, आणि ते मला येतं.

२

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी पानाच्या तळाला एक नवी ओळ दिसली. नाव होतं 'धाकली'.

घरात मला धाकली म्हणतात. शाळेत मी क्रांती. आधी मला हसू आलं. दादानं आपल्या मशिनीला माझं नाव दिलं, हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगण्यासारखं कुणी नव्हतं.

मग मी ओळ नीट वाचली. बाकीच्या मशिनींचं तापमान पन्नासच्या पुढे असतं. भार वाढला की अजून चढतं. धाकलीचं छत्तीसच्या आसपास होतं. माणसाचं अंग असतं तेवढं. आणि बाकी सगळ्यांच्या पुढे बघणारे शून्य असताना धाकलीच्या पुढे एक होता.

दादा उठला तेव्हा मी विचारलं.

"नवी हाय ती," तो डोळे चोळत म्हणाला. "काठावरची मशीन."

"काठावरची म्हंजी?"

"आधी च्या टाक की गं. उठल्या उठल्या परीक्षा घेती ही."

पल्लवीवहिनी ओट्यापाशी हसली. सोनम तिच्या पदराला धरून उभी होती. दोन वर्षांची आहे सोनम, आणि त्या आठवड्यात तिला एवढा ताप आला होता की दोन दिवस तिनं डोळे उघडले नव्हते. आता ती चांगली खात होती. घरात सगळ्यांना हलकं वाटत होतं, म्हणून मीही जास्त विचारलं नाही.

३

ती ओळ माझी आहे, हे मला कळायला आठवडा लागला. मी चटकन विश्वास ठेवणारी मुलगी नाही.

एकदा खालून पाण्याचा जार घेऊन जिना चढून आले आणि पडद्यावर बघितलं, तर धाकलीचा भार नुकताच उंच जाऊन खाली येत होता. योगायोग असेल. दुसऱ्या दिवशी जार न आणता मी मुद्दाम जिन्यावरून पळत वर-खाली केलं. पुन्हा तसाच उंचवटा. गार पाणी पिऊन बसले, श्वास सावकाश केला. रेघ सपाट झाली.

मग मला उत्तर सापडलं आणि स्वतःचंच हसू आलं. वाढदिवसाला दादानं मला हातात घालायचं घड्याळ दिलं होतं. पावलं मोजतं, ठोके मोजतं. त्यानं ते पानाला जोडलं असणार. गंमत म्हणून.

मी घड्याळ काढलं, तांदळाच्या डब्यात खोल खुपसलं, झाकण लावलं. पानासमोर आले आणि जागच्या जागी उड्या मारायला लागले. केस सुटले तरी मारत राहिले.

रेघ माझ्याबरोबर चढली.

वहिनी दारात येऊन उभी होती. तिनं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आत जाऊन तिनं एक वाटी भरून स्ट्रॉबेरी आणली. पाचगणीहून कुणी दिली होती. सोनमसाठी चार ठेवल्या होत्या, बाकी सगळ्या माझ्या वाटीत होत्या.

"खा," ती म्हणाली. "लय बारीक झालीयास."

४

शाळेच्या संगणक कक्षात मी मागच्या कोपऱ्यात बसते. त्या दिवशी सर प्रिंटर उघडून बसले होते. मी पानाचा पत्ता टाकला. पासवर्ड विचारला. विचारणारच, दादा अशा बाबतीत कडक आहे. मी काळीचं पान थेट उघडायला गेले, पुन्हा पासवर्ड. मोरीचं, तेच.

धाकलीचं पान कुणालाही न विचारता उघडलं.

माझं तापमान, माझा भार, सगळं तिथे होतं. जगात कुणीही पत्ता टाकावा आणि बघावं. शेजारच्या मुलीला ऐकू जाईल एवढे माझे ठोके वाजत होते आणि ते वाजताना मला समोर दिसत होते. 'बघणारे'वर बाण नेला तर बघणाऱ्याचं ठिकाण खाली येतं. माझ्या नावाखाली दोन ठिकाणं आली. एक वाई, म्हणजे मीच. दुसरं जत.

संध्याकाळी मी दादाला म्हणाले, "धाकलीला पासवर्ड न्हाई."

तो बूट घालत होता. थांबला.

"नसतोच तिला. सोप्पंय बघ. बाहेरनं कोणकोण आत घुसायला टपलेलं असतंय. सगळीच दारं लावली तर ते सगळी दारं ठोकत बसणार. म्हणून एक मशीन मुद्दाम काठावर ठेवायची, उघडी. ते तिच्यापाशीच घुटमळतंय. बाकीच्या सुखात ऱ्हात्यात."

"आन जतला कोण बघतंय?"

"ती गावं खरी नसत्यात गं. नेटवर्क वाटंल ते गाव दावतंय. मी हितं बसलो तरी कवा कवा पुण्यात दिसतो."

"मग माझं नाव का?"

"सुचलं ते टाकलं," तो म्हणाला आणि नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या बुटांना नाड्या नाहीत.

मला आण्णांची मेंढी आठवली. मुक्काम पडला की मेंढरांभोवती जाळी लावतात, तिला आम्ही वाघर म्हणतो. लांडग्याची चाहूल लागली की आण्णा एक लंगडी किंवा म्हातारी मेंढी वाघरीच्या बाहेर मेखेला बांधायचे. दुसरे कुणी असं करत असतील की नाही, मला माहीत नाही. ही आण्णांची पद्धत. बांधण्याआधी ते तिला स्वतःच्या हातानं हिरवा पाला खाऊ घालायचे. लहानपणी मला वाटायचं, आण्णांची तीच सगळ्यात लाडकी आहे.

५

मग ती गावं जवळ यायला लागली.

जतनंतर दोन दिवस विटा होतं. मग कराड. दादा म्हणाला होता की गावं खरी नसतात, आणि ते मला पटतही होतं. पण खोटी गावं कशीही यायला हवीत. आज नागपूर, उद्या बेळगाव. ही एका रस्त्यावरची होती. मी वहीच्या मागे नकाशा काढला नाही, तो रस्ता मला पाठ होता. कराडनंतर सातारा येतं.

सातारा आलं त्या दिवशी जिन्याला वास यायला लागला. ओल्या लोकरीचा नव्हे, तो मी झोपेतही ओळखेन. हा त्याच्या जवळचा, पण कोरडा आणि शिळा होता. खाली राहणाऱ्या भामाबाई, आमच्या घरमालकीण, दारात गहू निवडत बसल्या होत्या.

"तुमच्याकडं कोण पाव्हणं आलंय व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, आजी."

"मग जिन्यात कोण बसतंय? सकाळधरनं दोनदा वाटलं, कोणतरी पायरीवर टेकलंय. बघाय गेलं तर कोण न्हाई. आन ती कुत्री बघ. कालपातुर भाकरीसाठी दारात लोळायची. आज बोलवलं तर गल्लीच्या त्या टोकाला जाऊन हुभी ऱ्हायली."

मी गल्लीच्या टोकाकडे बघितलं. कुत्री उभी होती. भुंकत नव्हती. आमच्या जिन्याकडे बघत होती, आणि मी पाय पुढे टाकला तशी माझ्याकडे बघायला लागली.

६

शनिवारी वहिनीनं माझ्या डोक्याला तेल लावायला घेतलं. ती हळू लावते, आईपेक्षा हळू. सोनम आमच्यासमोर फरशीवर वाट्या आपटत होती.

"वहिनी," मी म्हणाले, "मला ती ओळ नको वाटतीय."

"नाव नुसतं. नावानं काय हुतंय?" ती म्हणाली. मग आपल्याशीच बोलल्यासारखी पुढे बोलत गेली. "ह्यांनी तरी काय केलं हुतं? लोकं टेंपोवर पोरीचं नाव घालत्यात, तसं घातलं. पयली स्वतःची मशीन, म्हणून हौसेनं सोनम लिवलं, पडद्यावर आणलीबी न्हवती अजून. दोन दिवस पोरगी तापानं..."

तिचा हात माझ्या केसांत थांबला.

सोनमनं वाटी आपटली. पुन्हा आपटली. तेलाचा एक थेंब माझ्या कानामागून मानेवर उतरला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," वहिनी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "नाव पुसून टाकलं तर पोरगी निळी पडली. परत घातलं तवा श्वास आला. कुणाचं तरी नाव लागतंच तिथं. आमी दोघांनी आपापली घालून बघितली. टिकत न्हवती, परत सोनमच व्हायचं. मग ह्यांनी..."

"माझं टिकलं."

"तू मोठी हायस, क्रांती. तुला सोसतंय. बघ की, तुला काय झालं का इतक्या दिवसांत? साधी सर्दी तरी?"

तिनं पुन्हा तेल लावायला सुरुवात केली. मी उठले नाही. उठून कुठे जायचं ते मला कळत नव्हतं. सोनम माझ्याकडे बघून हसली आणि तिनं रिकामी वाटी माझ्या तोंडाला लावली.

७

आईचा फोन कोकणात क्वचित लागतो. त्या दुपारी लागला. मागे मेंढरांची घंटा वाजत होती आणि आण्णा कुणाला तरी हाळी देत होते. मी आईला सगळं सांगितलं. आयुष्यात मी एवढं सलग कधी बोलले नव्हते. मला वाटलं, ती घाबरेल. नाहीतर खुळी म्हणेल. यातलं कुठलंही चाललं असतं.

घंटेचा आवाज मागे पडला; ती चालत बाजूला आली होती.

"ओळ हिरवी हाय न्हवं?" तिनं विचारलं.

मी तिला रंग सांगितला नव्हता.

"आई, तुला कुणी सांगितलं?"

"आण्णास्नी इचारूनच केलंय त्यानं. पोर मरत हुती, बाळा. आण्णाच म्हणालं, धाकलीचं घाल म्हणून." मग ती रडायला लागली आणि रडता रडताच म्हणाली, "जेवतीस न्हवं नीट? वैनीला सांग, दूध दे म्हणावं."

फोन ठेवून मी आत गेले. दादा जागाच होता, भिंतीकडे तोंड करून.

"नाव काढ," मी म्हणाले.

"सोनमचं काय करू मग?"

सोनमला पुन्हा तिथे घाल, असं मी म्हणणार नव्हते. त्यालाही ते माहीत होतं. म्हणूनच त्यानं विचारलं.

"दुसरा काय तरी मार्ग बघ. तू एवढा शिकलायस."

तो उठून बसला. त्याचे डोळे लाल होते. "बघतोय गं. रोज तेच बघतोय. उद्या रविवार हाय, उद्या सगळी मशीनच उलगडतो. तुझं नाव काढतो."

"सोनमची शपथ घे."

दादानं दाराकडे बघितलं. पलीकडे सोनम वहिनीशी काहीतरी बडबडत होती.

"तुझी शपथ," तो म्हणाला.

८

रविवारी सकाळी मी उठले तेव्हा वहिनी सोनमला टोपडं बांधत होती. मेढ्याला माहेरी जायचं ठरलं होतं म्हणे, वडलांना बरं नाही. तुझा अभ्यास आहे, तू थांब. कढईत भरपूर शिरा करून ठेवला होता. दादानं लॅपटॉपची पिशवी पाठीला लावली. मी बघत होते.

"तिकडं बसूनच करतो ते काम," तो म्हणाला. "कोण आलं तर दार उघडू नको. थांब, मी भायेरनंच कडी घालतो. संध्याकाळी येऊन काढीन."

"भामाआजी हायेत की खाली."

"त्या गेल्या भुईंजला, लग्नाला."

कडी पडल्याचा आवाज आला. मग तिघांची पावलं उतरत गेली. उतरताना एका पायरीवर ती सगळी कडेला सरकल्यासारखी वाटली, जसं कुणी बसलं असेल तर आपण सरकतो तसं. दादा हळूच काहीतरी म्हणाला. माझ्याशी नव्हे.

मी पानासमोर बसले. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. धाकली हिरवी होती. बघणारे एक. बोट टेकवलं, ठिकाण आलं वाई. थोड्या वेळानं पुन्हा बघितलं तर ठिकाणाची जागा कोरी होती.

दुपारपर्यंत मी थांबले. नाव तसंच होतं. मग दादाला फोन लावला. त्यानं उचलला.

"दादा, आत्ता काढ."

"लॅपटॉप घरी ऱ्हायला गं," तो म्हणाला.

"तुझ्या पाठीला हुता. मी बघितलंय."

मागे भांड्यांचे आवाज होते, कुणीतरी सोनमला घास भरवत होतं.

"निदान बघत तरी राहा," मी म्हणाले. "मोबाईलवर उघड. मला एकटीला नको."

"थांब."

बघणाऱ्यांचा आकडा दोन झाला. एकाच्या पुढे मेढा लिहून आलं. मला रडू आलं, कारण तो दिसत होता. एवढंच मला हवं होतं त्या वेळी.

"दिसतंय मला," दादा म्हणाला. "हिरवी हाय बघ. मी बघतोय. भिऊ नको."

तेव्हा वास खोलीत आला. कडी वाजली नव्हती, दार हललं नव्हतं. मी मागे वळले नाही. पडद्याचा खालचा भाग काळा असतो, ओळी संपल्यावरचा. त्यात मागची खोली दिसत होती. फ्रिज, दार, दाराजवळचा उन्हाचा पट्टा. त्या पट्ट्याच्या अलीकडे काहीतरी टेकून बसलं होतं. मांडी घातलेल्या माणसाएवढं उंच, पण माणसासारखं बसलेलं नव्हतं. घाईत नव्हतं. मान थोडी तिरकी करून ते माझ्याकडे नव्हे, पानाकडे बघत होतं. रेघ चढली की त्याची मान वर व्हायची. उतरली की खाली.

"दादा," मी ओठ न हलवता म्हणाले, "ते आत आलंय. दादा, आता तरी काढ."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. तो पान बघत होता. माझी रेघ त्याला तिथे मेढ्यात दिसत होती, किती उंच गेलीय ते.

मग आकडा एक झाला.

मी बोट टेकवलं. मेढा गेलं होतं. कोरी जागा तेवढी राहिली होती.

फोन तुटलेला नव्हता. सोनम खळखळून हसत होती, वहिनी म्हणत होती, अजून एक घास, एकच. दादानं फक्त पान बंद केलं होतं.